गट्टूखाली गुदमरलेला कडुनिंब

मे महिन्यात सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत ड्युटी केलेल्या कुठल्याही सिस्टरला विचारा, दुपारी तीन ते सहा हा वेळ कसा जातो. नागपुरात मी कित्येक उन्हाळे ती ड्युटी केली. स्लॅबच्या कामावरचा मिस्त्री, हातगाडीवाला, कचरा वेचणारी बाई. कुणी बरळतंय, कुणाला झटके येताहेत, कुणी बेशुद्धच. थर्मामीटर लावावं तर पारा चाळीसच्या वर. हे लोक उन्हात राबणारे, त्यांचं कारण समजत होतं. मला कोड्यात टाकायच्या त्या म्हाताऱ्या बाया. "सिस्टर, ही तर घराबाहेर पडलीच नाही, हिला ऊन कसं लागेल?" असं त्यांची सून विचारायची.

मग एकदा मी तशा एका घरी गेले. दहा बाय दहाची खोली, वर टिन, खिडकी नाही, आत गॅसवर भाजी शिजत होती. पाच मिनिटांत माझा गणवेश पाठीला चिकटला. आजी त्या खोलीत सकाळपासून बसून होत्या.

आपल्या शरीराचं तापमान ३७ अंशांच्या आसपास असतं, कातडीचं थोडं कमी. हवा कातडीपेक्षा गरम झाली की शरीराला थंड व्हायला एकच वाट उरते, घाम सुकण्याची. पंखा लावला तरी तो गरम हवाच अंगावर फेकतो. घाम यायला पोटात पाणी पाहिजे, आणि आपल्या बाया दिवसभर पाणीच कमी पितात, कारण संडासला जायची धड सोय नसते. हे कुठल्या केसपेपरवर लिहिलेलं सापडणार नाही, पण मी विचारलं की बाया सांगतात.

रात्रीही सुटका नाही. टिन, विटा, सिमेंटचा रस्ता दिवसभर तापतात आणि रात्री ती उष्णता सोडत राहतात. शरीराला रात्री जो आराम मिळायला हवा तो मिळत नाही. दोन-तीन रात्री अशा गेल्या की बीपी-शुगरवाला माणूस, गरोदर बाई, तान्हं बाळ यांची ताकद संपते.

२०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता. त्याआधी २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादमध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा नेहमीच्या मे महिन्यापेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. त्यातून २०१३ साली त्या शहरात उष्माघाताचा आराखडा तयार झाला. आता वाढत्या तापमानाचं बोलणं सगळीकडे चालतं आणि उपाय म्हणून एसी, कूलर सांगितला जातो. ज्यांच्या घरी कूलरला घालायलाच पाणी नाही त्यांनी काय करायचं? माझं म्हणणं साधं आहे. वस्तीत उभं असलेलं मोठं झाड हाच आपला कूलर आहे, आणि तो आपण आपल्याच हातांनी बंद पाडतो आहोत.

झाड फक्त सावली देत नाही. मुळांनी ओढलेलं पाणी ते पानांतून हवेत सोडतं. घाम सुकला की अंग थंड होतं, तशीच झाडाभोवतीची हवा थंड होते. भर दुपारी दाट सावलीतली जमीन उन्हातल्या डांबरापेक्षा दहा-पंधरा अंशांनी थंड असू शकते. चप्पल काढून एकदा पाय ठेवून बघा. कडुनिंबाची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकते, आणि नवतपा येईपर्यंत तो हिरवागार असतो. ज्या घराच्या टिनावर झाडाची सावली पडते ते घर दिवसा कमी तापतं, म्हणून रात्रीही कमी धगधगतं.

आमच्या वस्तीत सार्वजनिक नळाजवळ असा एक जुना कडुनिंब आहे. पाण्याच्या रांगा त्याच्याखाली लागतात, भाजीचा ठेला तिथंच उभा राहतो, दुपारी बिड्या वळणाऱ्या बाया सूप घेऊन तिथंच बसतात. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात गल्लीत गट्टू बसले. खरं सांगायचं तर गट्टू आम्हीच मागितले होते. पावसाळ्यात घोटाभर चिखलातून पोरं शाळेत जायची, त्यासाठी आम्ही किती अर्ज केले होते. काम झालं तेव्हा पेढे वाटले. कामगारांनी गट्टू कडुनिंबाच्या खोडापर्यंत नेले आणि उरलेली फट सिमेंटनं लिंपून टाकली. दिसायला छान दिसत होतं. मीही काही बोलले नाही.

पहिला उन्हाळा गेला. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये पालवी विरळ आली, शेंड्याची एक फांदी वाळली. कुणी म्हणालं वाळवी लागली, कुणी म्हणालं नजर लागली. झाडाची अन्नपाणी घेणारी बरीचशी मुळं जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरतात. त्या मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. वर सिमेंट पडलं की पावसाचं पाणी सरळ नालीत जातं आणि मुळं गुदमरतात. तोंडावर उशी दाबून धरावी तसं.

दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ सालीच आदेश दिला होता की खोडाभोवती एक मीटर जागा सिमेंटपासून मोकळी ठेवा आणि झाडांवरचे खिळे, पाट्या, तारा काढा. त्या आदेशाचा आधार देऊन आम्ही झोन ऑफिसात अर्ज दिला. तीन चकरा मारल्या. "गट्टू काढले तर परत बसवून मिळणार नाहीत," असं ऐकवलं गेलं. वस्तीतूनही विरोध झाला, पुन्हा चिखल होईल म्हणून. त्यांचंही चूक नव्हतं. शेवटी ठरलं की पूर्ण गल्ली नाही, फक्त खोडाभोवतीचा सव्वा मीटरचा घेर उघडायचा. एका रविवारी सकाळी सब्बल आणि घमेली घेऊन आठ बाया आणि चार पोरं आली. खालची माती इतकी घट्ट की सब्बल परत उसळायची. हलक्या हातानं उकरली, मुळं तोडली नाहीत. सुकी पानं जाळण्याऐवजी त्या आळ्यात पसरली, खोडाला चिकटू न देता. आठवड्यातून दोनदा भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी घालतो. फिनाइल आणि ब्लीचिंगचं पाणी घालायचं नाही, हे मात्र दोघीतिघींना पुन्हापुन्हा सांगावं लागलं.

यंदा पालवी बरी आहे. वाळलेली फांदी वाळलेलीच राहिली. ती वादळात कुणाच्या टिनावर पडू नये म्हणून महापालिकेकडे काढायला दिली आहे. विजेच्या तारांजवळची फांदी कुणी स्वतः तोडायला चढू नये.

मोठी झाडं मारायला कुऱ्हाडच लागते असं नाही. बुंध्याशी रोज कचरा जाळला तरी एका बाजूची साल मरते. आणि आता थोडं कडू बोलते, रागावू नका. १४ एप्रिल आला की आपलीच पोरं बॅनर लावायला झाडांत खिळे ठोकतात, लायटिंगच्या तारा फांद्यांना करकचून आवळतात आणि जयंती झाल्यावर तशाच सोडून देतात. पुढे खोड वाढतं आणि तार सालीत रुतते. सुती दोरीनं बांधा आणि आठ दिवसांत सोडा, एवढंच तर करायचं आहे. सम्राट अशोकानं रस्त्याकडेला माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून वड लावले, हे शिलास्तंभावर कोरलेलं आहे, आणि आपण भाषणांत ते सांगतोही.

झाड तोडलं जात असेल तर विचारायचा हक्क तुम्हाला आहे. महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, त्यात झाडाला इजा करणं हेही तोडण्यातच धरलं आहे. परवानगी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची लागते, तोडण्याआधी नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात. नोटीस दिसली की मोबाईलवर फोटो काढा आणि मुदतीत लेखी हरकत द्या. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून झाडाचं वय लिहून ठेवा, ते कामी येतं.

जागाच नसेल तर टिनावर दोडक्याचा, भोपळ्याचा वेल चढवा. आमच्याकडे तीन घरांनी चढवला आहे. जुन्या पेंटच्या डब्यात लावून सुतळीनं वर नेलेला.

आणि कुणी उन्हानं कोसळलं तर आधी त्याच झाडाखाली आणा. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काख, जांघ इथं ओले फडके किंवा बर्फ ठेवा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. १०८ ला फोन करा, पण गाडी येईपर्यंत अंग थंड करणं थांबवू नका. त्या वीस मिनिटांवर मी माणसं वाचलेली पाहिली आहेत.

आता उरला विहाराजवळचा पिंपळ. त्याच्याभोवती आपण श्रद्धेनं टाइल्सचा ओटा बांधला, अगदी खोडाला भिडवून. एका कुटुंबानं त्या टाइल्स आपल्या आईच्या स्मरणार्थ दिल्या होत्या, म्हणून आतली रांग काढायची कशी यावर समितीत दोन बैठका वादात गेल्या. तिसऱ्या बैठकीला त्या आईचा मुलगा स्वतः आला. आईच्या नावाची टाइल तेवढी त्यानं हळूच उचकटून विहाराच्या भिंतीवर बसवायला दिली, आणि बाकीच्या फोडायला स्वतःच हातोडा घेतला.