धुराड्याची नाडीपरीक्षा

घरांतील मोटार बिघडली म्हणजे ती कारखान्यांत धाडावयाची आणि बिल आलें कीं तें मुकाट्यानें भरावयाचें, असा आपल्या पांढरपेशा घरांचा शिरस्ता आहे. आम्हीही आजवर तोच पाळीत आलों. परंतु गेल्या मार्गशीर्षांत खांदेश्वर येथील आमच्या बिऱ्हाडीं जो प्रसंग आला त्यामुळें आम्हांस प्रथमच पाना हातीं धरावा लागला. ती हकीकत इतर कुटुंबांच्याही उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

आम्ही व आमचे बंधु यांनीं मिळून एक डिझेलची कॅम्पर व्हॅन घेतली आहे. निजावयास चार फळ्या, एक शेगडी, पाण्याची टाकी. मुलें तिला ‘फिरतें घर’ म्हणतात. मातोश्रींस दमा आहे व परक्या अंथरुणावर त्यांस झोंप येत नाहीं, म्हणून ही सोय. पौषांत त्यांस हरिहरेश्वरास न्यावयाचें ठरलें होतें. निघावयास आठ दिवस उरले असतां चालकापुढील पट्टीवर पिवळा दिवा लागला, आणि दुसऱ्या दिवशीं गाडी चढावर रखडूं लागली.

एका कारखानदारानें सबंध डीपीएफ, म्हणजे धूर गाळण्याचें यंत्रच, बदलावयास सांगितलें. त्यानें सांगितलेला आंकडा ऐकून बंधूंनीं हातांतला चहा खालीं ठेवला. दुसऱ्यानें हळूच सुचविलें, “आंतली जाळी फोडून टाकूं, संगणकांतूनही तिची नोंद पुसूं; कोणास कळावयाचें नाहीं.” ही मसलत घरीं सांगितली तेव्हां मातोश्री एवढेंच म्हणाल्या, “अरे, पण मग तो धूर कोणाच्या नाकांत जायचा?”

प्रश्न अगदीं रास्त होता. डिझेलच्या धुरास जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०१२ सालीं निश्चित कर्करोगकारक पदार्थांच्या वर्गांत घातलें आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानक लागू झालें, तेव्हां डिझेलच्या प्रवासी मोटारींस दर किलोमीटरमागें सूक्ष्म कणांची जी २५ मिलिग्रॅमची मुभा होती ती साडेचारांवर आली. हें साधण्यासाठीं धुराच्या वाटेवर चिनी मातीसारख्या पदार्थाची, मधाच्या पोळ्याप्रमाणें घरें असलेली गाळणी बसवितात. घरांचीं तोंडें एकाआड एक बुजविलेलीं असल्यानें धुरास भिंतींतून झिरपूनच बाहेर पडावें लागतें व काजळी आंत अडकते. ती सांठली कीं सुमारें सहाशें अंश उष्णतेनें जाळून टाकावयाची. आतां ही वेळ आली हें संगणकास कळावें कसें? गाळणीच्या अलीकडून व पलीकडून दोन नळ्या काढून एका लहानशा सेन्सरास जोडलेल्या असतात. चहाच्या गाळणींत चोथा सांठला म्हणजे चहा वरच तुंबतो. तसा अलीकडचा दाब वाढला कीं सेन्सर वर्दी देतो. या वैद्याचाच हात लटपटूं लागला तर निरोगी गाळणीही रोगी ठरते!

येथें आमचा पुतण्या उपयोगीं पडला. त्यानें मित्राकडून स्कॅनर आणला, इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरविली आणि सेन्सर काय सांगतो तें पाहिलें. धूर वाहत नाहीं तेव्हां दोहोंकडील दाब सारखाच; फरक शून्य यावयास हवा. आला सहा किलोपास्कल! नळ्या तुंबलेल्या असतील म्हणून त्या सोडवून पाहिलें, तरी सहाच. मग संशयास जागा उरली नाहीं. सेन्सराची किंमत काय, तर त्या अवाढव्य आंकड्याच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी.

रविवारीं सकाळीं, गाडी रात्रभर निवल्यावर, कामास हात घातला. बॅटरीचें ऋण टोंक सोडविलें. सुदैवानें सेन्सर इंजिनाच्या मागील पत्र्यावर, हात पोंचेल असा होता. जॅकवर उचललेल्या गाडीखालीं शिरण्याचा प्रसंग असता तर आम्ही तो उद्योग केलाच नसता. नळ्यांची अदलाबदल झाली तर सगळेंच उलटें होतें, म्हणून अलीकडच्या नळीस वहिनींनीं देवघरांतला लाल दोरा बांधून दिला. एक नळी उष्णतेनें चिरली होती, तीही बदलली. दुसरींत हवा फुंकून काजळी काढली, पण ती सेन्सराकडील टोंक मोकळें करून. सेन्सरांत जोराची हवा शिरली तर नवाही कामांतून जावयाचा. दोन स्क्रू, एक जोडणी, आणि अर्ध्या तासांत काम आटोपलें. त्यानंतर स्कॅनरानें संगणकास नव्या सेन्सराची ओळख करून द्यावी लागली. हें न केल्यास तो जुन्याच हिशेबानें चालतो. किल्ली फिरविली; आंकडा शून्य.

तरीही आंत काजळी होतीच, आणि तिला कारण आमचीच काटकसर. कचेरीस आम्ही खांदेश्वर स्थानकावरून लोकलनें जातों. गाडी निघे ती मुलांची शाळा आणि भाजीबाजार यांपुरती. थोडी वापरली म्हणजे जपली, असा आमचा समज. पण दोन मैलांत धुराडें तापत नाहीं, व तापल्यावांचून काजळी जळत नाहीं. म्हणून दुपारीं कळंबोलीवरून द्रुतगती मार्गास लागून लोणावळ्यापर्यंत एका दमांत जाऊन आलों. परततांना पिवळा दिवा विझलेला होता.

ठरल्या दिवशीं पहांटे निघालों. मातोश्री माणगांवपर्यंत झोंपल्या होत्या.