कलावंताचे स्वतःचे दुकान

आपल्या मॉरिशस बेटाच्या इतिहासात ‘ग्राँ मॉर्सेलमाँ’ ह्या नावाने ओळखला जाणारा जो काळ आहे, त्याचे मोल आपल्या तरुण पिढीस पुरेसे ठाऊक आहे असे मला वाटत नाही. १८३४ पासून करारावर येथे आलेल्या मजुरांनी व त्यांच्या मुलांनी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मळेवाल्यांनी विकावयास काढलेल्या जमिनीचे लहान लहान तुकडे पै पै साठवून घेतले. ती जमीन बहुधा हिणकस, दगडांनी भरलेली असे. तरीही आपल्या वडीलधाऱ्या माणसांनी ती घेतली, कारण मळ्यावर राबताना एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई, हा ‘डबल कट’ त्यांनी सोसला होता. कष्ट दोन्हीकडे सारखेच होते. परंतु एकीकडे हिशेबाची वही दुसऱ्याच्या हाती होती, दुसरीकडे ती स्वतःच्या.

हा इतिहास येथे उगाळण्याचे कारण असे की, आज आपल्या समाजातील चित्रकार, मूर्तिकार, गायक, भरतकाम करणाऱ्या भगिनी ह्यांच्यापुढे नेमका हाच प्रश्न निराळ्या वेषात उभा आहे. त्यांनी आपली कला विकावी कोठे? दुसऱ्याच्या बाजारात, की स्वतःच्या दुकानात? येथे दुकान म्हणजे रस्त्यावरचा गाळा नव्हे. इंटरनेटवर स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पत्त्यावर थाटलेले दुकान मला अभिप्रेत आहे. माझे मत स्पष्ट आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

प्रथम पैशाचे पाहू. हस्तकलेच्या वस्तूंसाठी जगप्रसिद्ध असलेली ‘एट्सी’ ही अमेरिकन बाजारपेठ घ्या. तेथे प्रत्येक वस्तू मांडण्याचे २० सेंट पडतात. विक्री झाली की किमतीवर ६.५ टक्के कापले जातात, आणि तेही टपालखर्च धरून. हा दर २०२२ च्या एप्रिलपर्यंत ५ टक्के होता. तो वाढला तेव्हा हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर आपली दुकाने बंद ठेवून निषेध केला. दर मात्र वाढला तो वाढलाच. शिवाय त्या कंपनीने बाहेर केलेल्या जाहिरातीवरून गिऱ्हाईक आले, तर लहान विक्रेत्याकडून आणखी १५ टक्के घेतले जातात. म्हणजे १००० रुपयांच्या चित्रामागे २१५ रुपये गेले, आणि पैसे वळते करण्याचा आकार निराळाच. कलादालनांची दलाली तर साधारणतः चाळीस ते पन्नास टक्के असते. अर्थात दालन भिंत देते, दिवे देते, जाणकार माणसांची ओळख करून देते. त्याचा वाटा सर्वस्वी अन्याय्य आहे असे मी म्हणणार नाही.

परंतु खरे नुकसान टक्केवारीत नाही. माझी एक जुनी विद्यार्थिनी समुद्रकिनाऱ्यावरील एका हॉटेलच्या दुकानात आपली जलरंगातील चित्रे ठेवीत असे. उसाचे मळे, पावसात भिजलेली कालिमाईची देवळी, झाकरी नाचणाऱ्या मंडळींचा फेर, असे तिचे विषय. चित्रे खपत. निम्मी रक्कम दुकान ठेवून घेई, त्याचेही तिला फारसे वाटत नसे. एके दिवशी दुकानाचा चालक बदलला, नव्या चालकास स्थानिक चित्रे नको होती, आणि उरलेली चित्रे दोरीने बांधून परत आली. पाच वर्षांत तिची कितीतरी चित्रे परदेशी घरांच्या भिंतींवर गेली होती. पण त्यांतील एकाही घराचा पत्ता तिच्याजवळ नव्हता! कोणास पत्र लिहावे, नवे चित्र झाले हे कोणास कळवावे? गिऱ्हाईक दुकानाचे होते, तिचे कधी नव्हतेच. सहा महिने तिने कुंचला हाती धरला नाही. असे हात थांबले म्हणजे समाजाचे काय जाते, हे मी शिक्षक ह्या नात्याने चांगले जाणतो.

इंटरनेटवरील परक्या बाजारातही हेच घडते, फक्त अधिक मोठ्या प्रमाणावर. ‘मायस्पेस’ नावाच्या संकेतस्थळावर एके काळी जगभरचे होतकरू गायक आपली गाणी ठेवीत. २०१९ मध्ये त्या कंपनीने कबूल केले की, सामान हलविताना २०१६ पूर्वीची सारी गाणी नाहीशी झाली आहेत. ती पाच कोटींहून अधिक होती असे सांगितले गेले. ‘बँडकॅम्प’ ही २००८ साली निघालेली बाजारपेठ गायकांना बरीच उदारपणे वागविते. डिजिटल विक्रीवर १५ व वस्तूंवर १० टक्के घेते. तीही २०२२ साली एका खेळ बनविणाऱ्या कंपनीने घेतली व पुढच्याच वर्षी दुसरीस विकली. गायकांना कोणी विचारले नाही. आणि जे केवळ फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबून आहेत, त्यांनी ४ ऑक्टोबर २०२१ आठवावा: त्या दिवशी ही तिन्ही सुमारे सहा तास जगभर बंद पडली होती. सहा तासच, हे खरे. पण किल्ली कोणाच्या खिशात आहे ते तेव्हा दिसले.

स्वतःच्या दुकानात गिऱ्हाइकाचे नाव व पत्ता कलावंताकडे येतो, तोही गिऱ्हाइकाच्या संमतीने. आपल्या देशात २०१७ चा माहिती-संरक्षण कायदा आहे, त्याचे भान मात्र ठेवावे लागते. वर्षातून चार वेळा दोनशे रसिकांना ई-मेलने पत्र पाठविता येणे, ही लहान गोष्ट नव्हे. किंमत आपण ठरवितो. चित्रामागची हकीकत आपल्या शब्दांत, मराठीत, क्रिओलमध्ये वा फ्रेंचमध्ये सांगतो. शेजारी कोणाची स्वस्त नक्कल मांडलेली नसते.

येथे कोणी विचारील की, गुरुजी, हे सारे इतके सोपे असते तर सर्वांनीच केले नसते काय? शंका रास्त आहे. राजा रविवर्म्याचे उदाहरण ह्यासाठी फार बोलके आहे. आपल्या कित्येक घरांतून लक्ष्मी-सरस्वतीची जी छापील चित्रे पूजेत आहेत, त्यांची परंपरा त्याच्यापासून चालत आली. १८९४ साली त्याने मुंबईस गिरगावात स्वतःचा शिळाछापखाना काढला. पुढे प्लेगमुळे तो लोणावळ्याजवळ मळवलीस नेला. चित्रे घरोघर पोहोचली, पण छापखाना कर्जात बुडाला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायखर ह्या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. दुकान स्वतःचे असणे आणि ते चालविणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रतिभा हिशेब लिहीत नाही. तो कोणीतरी बसून लिहावाच लागतो.

शिवाय परक्या बाजारात गर्दी आयती असते, स्वतःच्या दुकानाकडे वाट आपण पाडावी लागते. म्हणून बाजार सोडूनच द्यावा असे माझे म्हणणे नाही. बाजारात चार वस्तू मांडाव्यात, माणसे ओळखीची करून घ्यावीत, आणि प्रत्येक पुडक्यात आपल्या दुकानाचा पत्ता छापलेली चिठ्ठी घालावी. संकेतस्थळाचे नाव मात्र स्वतःच्याच नावे नोंदवावे, भाच्याच्या किंवा बनवून देणाऱ्याच्या नावे नव्हे! दुकानाची सामग्री उद्या बदलावी लागली तरी पत्ता तोच राहतो. ‘वूकॉमर्स’सारखी सामग्री फुकट मिळते, जागेचे भाडे व बँकेचा आकार तेवढा द्यावा लागतो. चित्रांचे फोटो खिडकीच्या उजेडात काढावेत, मापे सेंटिमीटरमध्ये लिहावीत, आणि टपालखर्च आधी वजन करून ठरवावा. ह्या शेवटच्या बाबतीत आपली माणसे फार ढिलाई करतात, मग नफा टपालातच जातो.

माझ्या त्या विद्यार्थिनीने गेल्या वर्षी आपले दुकान उघडले. तिचा धाकटा भाऊ हिशेब पाहतो. दर रविवारी दोघे बसून वही पुरी करतात. पहिल्या तीन महिन्यांत दोनच चित्रे गेली. गणेशचतुर्थीच्या सुमारास तिने मूर्ती घडविणाऱ्या एका शेजारी कुटुंबाच्या कामाची रेखाचित्रे काढून त्यांच्या मर्यादित प्रती, क्रमांक घालून, विक्रीस ठेवल्या. त्या पंचवीसही प्रती गेल्या, त्यांपैकी नऊ रेयुनियन व फ्रान्सला. पंचवीस नावे आता तिच्या वहीत आहेत, आणि ते कुटुंब पुढील वर्षाच्या मूर्तींची मागणी तिच्याच दुकानातून घ्यावी काय, ह्याचा विचार करीत आहे.