ट्रान्सफर पोर्टल आणि अमेरिकी कॉलेज फुटबॉलचा तोल

अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये (म्हणजे चेंडू हातात घेऊन पळण्याच्या खेळात) संघ बदलणाऱ्याला पूर्वी सहसा एक हंगाम बाकावर काढावा लागे. 2021 मध्ये कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएने पहिल्या बदलापुरती ही अट काढली. 2024 पासून अभ्यासाचे निकष पाळणाऱ्याला कितीही वेळा बदलून लगेच खेळता येते. स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेण्याची मुभाही जुलै 2021 मध्येच मिळाली, आणि संघ बदलू पाहणाऱ्यांची नावे नोंदवणाऱ्या ट्रान्सफर पोर्टलला बाजाराचे रूप आले.

याचा फायदा मधल्या संघांना झाला. बड्या संघांच्या राखीव फळीत अडकलेले गुणी खेळाडू त्यांच्या हाती लागू लागले.

उदाहरणार्थ, इंडियाना विद्यापीठाचा संघ 2023 मध्ये 12 पैकी 3 सामने जिंकला होता. नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांनी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून येताना तिथले डझनभर खेळाडू आणले, क्वार्टरबॅक (चढाईचा सूत्रधार) ओहायो विद्यापीठातून मिळवला. 2024 मध्ये 11 विजय!

जेम्स मॅडिसनची फळी मात्र एका फटक्यात रिकामी झाली. छोट्यांनी घडवायचे आणि मोठ्यांनी उचलायचे, ही या व्यवस्थेची सर्वांत दुखरी बाजू. छोट्या ऑल्बनी विद्यापीठात चमकलेला बचावपटू जॅरेड व्हर्सही असाच बड्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या संघात गेला.

आयात केलेला संघ टिकेलच असे नाही. हाच फ्लोरिडा स्टेट 2023 च्या साखळीत अपराजित होता. पुढच्या वर्षी बाहेरून अनुभवी क्वार्टरबॅक आणूनही 12 पैकी 10 सामने हरला.