पेप्टाइडची बाराखडी

कोलॅजेन पेप्टाइडची पावडर, वजन उतरवणारं इंजेक्शन आणि व्यायामशाळेत कुणीतरी सुचवलेली बिनओळखीची कुपी, तिन्हींसाठी ‘पेप्टाइड’ हा एकच शब्द वापरला जातो. त्यांतला फरक कळायला अगदी मुळापासून सुरुवात करू.

आपली प्रथिनं मुख्यतः २० प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात. दोन अमिनो आम्लं जुळताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि जो जोड तयार होतो तो पेप्टाइड बंध. अशा जोडांची आखूड साखळी म्हणजे पेप्टाइड, लांबलचक आणि घड्या पडून विशिष्ट आकारात आलेली साखळी म्हणजे प्रथिन. सीमारेषा पन्नासच्या आसपास धरतात, पण ती सोयीपुरती. इन्सुलिनमध्ये एक साखळी २१ अमिनो आम्लांची आणि दुसरी ३० ची, एकूण ५१. म्हणून त्याला कुणी पेप्टाइड म्हणतं, कुणी प्रथिन.

इन्सुलिन गिळून का घेता येत नाही? कारण पचनसंस्थेला ते डाळीतल्या प्रथिनासारखंच दिसतं. विकरं, म्हणजे एन्झाइम्स, त्याचे बंध तोडून टाकतात. कोलॅजेनच्या पावडरीचंही असंच होतं. त्यातून अमिनो आम्लं आणि काही अगदी छोटे तुकडे रक्तात जातात. प्यायलेलं कोलॅजेन जसंच्या तसं त्वचेत जाऊन बसत नाही.

आता ‘ग्राही’. पेशीवरच्या या प्रथिनाला ठरावीक रेणू येऊन चिकटला की पेशीच्या आत काम सुरू होतं. जेवणानंतर आतड्यातून जीएलपी-१ हे पेप्टाइड स्रवतं. ते स्वादुपिंडातल्या ग्राहींना चिकटून इन्सुलिन वाढवतं, आणि भूकही कमी करतं. मात्र रक्तातलं त्याचं प्रमाण दोनेक मिनिटांतच निम्म्यावर येतं. या काळाला अर्धायुष्य म्हणतात. वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनातल्या सेमाग्लुटाइड या औषधात जीएलपी-१च्या साखळीत थोडा बदल करून तिला मेदाम्लाची शेपटी जोडली आहे. त्यामुळे ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहतं आणि अर्धायुष्य सुमारे एक आठवड्यावर जातं. आठवड्याला एकच इंजेक्शन पुरतं ते यामुळे. त्याची गोळीही आहे, पण शोषणाला मदत करणारा घटक घालूनही तिच्यातला फार थोडा अंशच रक्तात पोहोचतो.

राहिली ती कुपी. तिच्यावर ‘केवळ संशोधनासाठी’ असं छापलेलं असेल, तर ते माणसासाठी मंजूर झालेलं औषध नाही. आत नेमकं काय आहे, किती आहे आणि ते निर्जंतुक आहे का, याची हमी कुणीच घेतलेली नसते. ती टोचून घेऊ नका. आधी डॉक्टरांना दाखवा.