रात्रीची राखण, दिवसाची चित्रं

मोंटानातल्या ग्रेट फॉल्स गावी चित्रकार चार्ल्स एम. रसेलचा स्टुडिओ आजही उभा आहे. १९०३ साली टेलिफोनचे जुने खांब रचून त्याने ही खोली घराशेजारी बांधून घेतली. आत खोगिरं, दोर, आदिवासींची वस्त्रं. चित्रकाराच्या खोलीपेक्षा ती एखाद्या गुराख्याची कोठी वाटते. मी जास्त वेळ रेंगाळलो तो खोगिरांपाशीच.

सेंट लुइसच्या सधन घरातला हा मुलगा चित्रशाळेत टिकला नाही. १८८० मध्ये, सोळाव्या वर्षी, तो मोंटानात आला. आधी मेंढरं राखली, मग एका शिकाऱ्याबरोबर दोनेक वर्षं रानात काढली आणि १८८२ पासून ११ वर्षं गुरं-घोडी सांभाळली. त्यातही रात्रीची राखण त्याच्या सोयीची. अंधारात जनावरांभोवती घोड्यावरून फेऱ्या मारायच्या, म्हणजे दिवस मोकळा. मग इतर गुराखी फास टाकताना, वासरांना डाग देताना बघत बसायचं आणि कागदावर उतरवायचं. मला तरी हीच त्याची खरी शाळा वाटते.

खिशात मेणाचा गोळा कायम. गप्पा मारता मारता बोटं त्यातून घोडा, अस्वल काढत. रंगवण्याआधीही तो अशी बाहुली करून ती उजेडात धरी, सावली नेमकी कुठे पडते ते पाही. त्याच्या घोड्यांच्या पायांना जमिनीचा भार जाणवतो, तो त्यामुळेच.

१८८६-८७चा हिवाळा भयंकर होता. गुरं हजारोंनी मेली. कळपाचं कसं काय चाललंय, असं मालकाने पत्रातून विचारलं. रसेलने पोस्टकार्डाएवढ्या कागदावर जलरंगात एकच गाय काढली: बर्फात उभी, बरगड्या निघालेल्या, भोवती टपलेले कोयोटे. उत्तर म्हणून तेच चित्र गेलं. शिनूक म्हणजे तिथला बर्फ वितळवणारा उबदार वारा. त्याची वाट पाहणारी ती गाय रसेलचं नाव गावोगावी घेऊन गेली. १९१२ मध्ये त्याने हेलेनातल्या मोंटाना विधिमंडळासाठी सुमारे २५ फुटी भव्य चित्र रंगवलं. तरी माझ्या लेखी थोर ती गायच.

मोटारगाड्या त्याला कधी आवडल्या नाहीत. ऑक्टोबर १९२६ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे शववाहिका घोड्यांनी ओढली.