‘क्षि’ एका दमात पुसता यावं म्हणून

‘क्षि’ हे अक्षर आपल्याला एकच दिसतं. संगणकाच्या लेखी ती चार चिन्हं आहेत: क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व इकार. यूटीएफ-८ पद्धतीत त्यांचे बारा बाइट होतात. टेक्स्ट एडिटरमध्ये कर्सरखालचं अक्षर पुसायची कळ दाबली, तर यातलं काय जायला हवं? मराठी वाचणारा म्हणेल, सगळं. पण ‘मूळ अक्षर आणि त्याला चिकटलेली चिन्हं’ एवढंच ओळखणारा एडिटर आधी ‘क्’ पुसतो आणि ‘षि’ मागे ठेवतो. देवनागरीसह काही भारतीय लिपींतली जोडाक्षरं मधे तोडू नयेत, हा नियम युनिकोडमध्ये आला तो सप्टेंबर २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत. नियम छापला गेला म्हणजे काम झालं असं नसतं. प्रत्येक एडिटरच्या कोडमध्ये तो कुणीतरी उतरवावा लागतो.

समजा, खारदांड्याच्या कोळीवाड्यात राहणाऱ्या आणि संगणकशास्त्र शिकणाऱ्या एखाद्या मुलीला हे काम करावंसं वाटलं. तिच्या परिसराला या कामाची परंपरा आहे. खारदांड्याच्या उत्तरेला जुहू; तिथल्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीएसटीत, ‘विविधा’ हा बहुभाषिक वर्ड प्रोसेसर तयार झाला आणि लिनक्सवर भारतीय लिपी आणणारा ‘इंडिक्स’ प्रकल्पही झाला. विंडोजमधल्या ‘मंगल’ फाँटचे रचनाकार र. कृ. जोशी याच संस्थेत काम करत. २००३ मध्ये ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली.

त्या मुलीकडे लॅपटॉप आहे, सी भाषा बऱ्यापैकी येते आणि ‘क्षि’ची अडचण तिला कुणी समजावून सांगायला नको. तरी नेमक्या ओळीपर्यंत पोचण्याआधी तिला दोन टप्पे ओलांडावे लागतील. सोर्स कोडपासून एडिटर आपल्या मशीनवर बांधता आला पाहिजे आणि दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचता आला पाहिजे. या दोन गोष्टी सुधारणं हे एडिटरमधलं दुय्यम काम मानलं जातं. मला ते पहिलं काम वाटतं, कारण पुढची प्रत्येक दुरुस्ती कोण करू शकेल हे त्यावरच ठरतं.

बांधणी म्हणजे बिल्ड. ती अशी चालते. प्रत्येक सोर्स फाइल आधी प्रीप्रोसेसरमधून जाते. तो हेडर फाइली आत ओततो आणि अटींच्या ओळी पाहून कोडचा कुठला भाग ठेवायचा, कुठला गाळायचा ते ठरवतो. मग कंपायलर त्या फाइलीची ऑब्जेक्ट फाइल करतो. शेवटी लिंकर सगळ्या ऑब्जेक्ट फाइली आणि बाहेरच्या लायब्ररी जोडून प्रोग्रॅम तयार करतो. एक ओळ बदलली म्हणून हे सगळं पहिल्यापासून करायला नको, यासाठी स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये ‘मेक’ लिहिला. तो फाइलींच्या वेळा पाहतो आणि जे शिळं झालं तेवढंच पुन्हा बांधतो. मात्र कुठली फाइल कुठल्या फाइलीवर अवलंबून आहे हे त्याला अचूक सांगावं लागतं. ते चुकलं तर जुन्या ऑब्जेक्ट फाइली नव्या प्रोग्रॅममध्ये राहतात आणि सुधारलेली चूक पुन्हा समोर येते. आपली दुरुस्तीच चुकली असं समजून नवखा माणूस नीट असलेला कोड उलटसुलट करत बसतो.

आता खरा एडिटर घेऊ. ‘व्हिम’ हा डच प्रोग्रॅमर ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये अमिगा संगणकासाठी प्रसिद्ध केला आणि २०२३ मध्ये मृत्यू येईपर्यंत सांभाळला. अमिगा, एमएस-डॉस, व्हीएमएस, बीओएस, युनिक्सचे नाना प्रकार, जिथे संगणक तिथे व्हिम चालावा ही त्यांची जिद्द होती. त्या जिद्दीमुळेच तो जगभर पोचला. पण प्रत्येक मशीनसाठी, प्रत्येक ऐच्छिक सोयीसाठी कोडमध्ये प्रीप्रोसेसरच्या अटी वाढत गेल्या. एकाच फंक्शनमध्ये चार-पाच अटी एकमेकींत अडकलेल्या असल्या, की आपल्या मशीनवर नेमका कुठला कोड चालतो हे नुसतं वाचून कळत नाही. २०१४ पर्यंत हा पसारा सुमारे तीन लाख ओळींचा झाला होता.

त्या वर्षी थियागो दे अरुडा या ब्राझिलियन प्रोग्रॅमरने ‘नीओव्हिम’ सुरू केला. जानेवारी २०१४ च्या अखेरीस त्याने व्हिमचा कोड नव्या भांडारात आणला, त्या पहिल्याच कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदीत, एकही नवी सोय नव्हती. बांधणीला आणि चाचणीला लागत नाहीत त्या फाइली त्याने काढल्या. ‘अनइफडेफ’ या साधनाने ऐच्छिक सोयींच्या असंख्य अटी सोडवून टाकल्या. कुठली सोय कायम आणि कुठली बाद हे ठरवलं, की हे साधन बादचा कोड आणि अटीची ओळ दोन्ही पुसतं. ‘अनक्रस्टिफाय’ने सगळ्या फाइलींची मांडणी एकसारखी केली. आणि बांधणी ‘सीमेक’वर नेली. हा क्रम मला फार समंजस वाटतो. आधी कोड कमी केला, मग उरलेला सारखा केला.

सीमेक स्वतः काही बांधत नाही. प्रकल्पात काय काय आहे हे त्याला एकदा सांगितलं, की मेकसाठी किंवा त्याहून वेगवान ‘निंजा’साठी लागणाऱ्या सूचना तो लिहून देतो. नीओव्हिममध्ये ‘मेक’ ही एक आज्ञा दिली की आधी लागणाऱ्या लायब्ररी ठरलेल्या आवृत्तीत उतरतात, त्यांची बेरीज-खूण, म्हणजे चेकसम, जुळते का ते तपासलं जातं, त्या बांधल्या जातात आणि मग एडिटर बांधला जातो. फंक्शनांच्या घोषणा असलेल्या हेडर फाइलीही हाताने लिहाव्या लागत नाहीत. सोर्स वाचून लुआ भाषेतली एक स्क्रिप्ट त्या बिल्डच्या वेळी तयार करते. पहिल्या खेपेला वेळ लागतो, पण नंतर एखादी ओळ बदलली तर प्रोग्रॅम लगेच हाती येतो. बदल करून परिणाम लगेच दिसला तर माणूस आणखी एक प्रयोग करून पाहतो. प्रत्येक खेपेला थांबावं लागलं तर तो अंदाजावर कोड लिहू लागतो.

कोडच्या शैलीचा मुद्दा अनेकांना नुसत्या टापटिपीचा वाटतो. किती जागा सोडायची, ओळ किती लांब असावी, हे नियम नीओव्हिमने ठरवलेच: दोन जागांचं इंडेंटेशन आणि ओळीला शंभर अक्षरांची मर्यादा. पण शैलीत चलांचे प्रकारही येतात आणि तिथे आपल्या मराठीचा थेट संबंध लागतो.

सी भाषेतला ‘कॅर’ हा एका बाइटचा प्रकार ऋण संख्या धरतो की नाही, हे भाषेने कंपायलरवर सोडलं आहे. इंटेलच्या मशीनवर तो बहुधा ऋण संख्या धरतो, एआरएमवरच्या लिनक्समध्ये धरत नाही. इंग्रजी अक्षरांचे सगळे बाइट १२८ च्या खाली असल्याने त्यांना काहीच फरक पडत नाही. ‘म’ मात्र २२४, १६४ आणि १७४ अशा तीन बाइटांत साठवला जातो. ऋण संख्या धरणाऱ्या प्रकारात २२४ चे उणे ३२ होतात. आता एखाद्या फंक्शनने विचारलं, ‘हा बाइट १२८ पेक्षा लहान आहे का?’ तर उत्तर येतं ‘हो’, आणि ‘म’चा तुकडा साधं इंग्रजी अक्षर समजून पुढे जातो. हे टाळण्यासाठी व्हिममध्ये ऋण नसलेला स्वतंत्र प्रकार सर्वत्र वापरलेला होता. त्याचा जाच असा, की प्रमाण सी लायब्ररीतलं जवळपास प्रत्येक स्ट्रिंग-फंक्शन साधा कॅर मागतं, त्यामुळे पानोपानी रूपांतरं लिहावी लागत. नीओव्हिमच्या चमूने तो प्रकार काढून साधा कॅर आणला. शोधा आणि बदला अशी एक आज्ञा देऊन हे होण्यासारखं नव्हतं. जिथे जिथे बाइटची तुलना होते किंवा त्याचा तक्त्यातला क्रमांक म्हणून उपयोग होतो, तिथे ‘इथे ऋण नसलेला बाइट धरा’ असं स्पष्ट लिहावं लागलं. अशी एक जागा निसटली, तर इंग्रजीत लिहिणाऱ्याला कधीच कळणार नाही. मराठीत लिहिणाऱ्याला पहिल्याच शब्दाला कळेल.

व्हिमही स्थिर राहिला नाही. फंक्शनच्या पॅरामीटरांचे प्रकार कंसाबाहेर लिहिण्याची जुनी पद्धत मोलेनार यांनी जानेवारी २०१६ मध्ये पॅचमागून पॅच काढून बदलली. जुन्या पद्धतीत फंक्शनला चुकीच्या प्रकारचं मूल्य दिलं तरी कंपायलर गप्प बसू शकतो, नव्या पद्धतीत तो बोलतो. सी-२३ या प्रमाणात तर जुनी पद्धत भाषेतूनच काढून टाकली आहे.

असे बदल करताना एक पथ्य पाळावं. मांडणी बदलणारं कमिट आणि वागणूक बदलणारं कमिट कधीही एकत्र करू नये. हजार ओळींची जागा सरकली आणि त्यातच एक अट उलटी झाली, तर तपासणाऱ्याच्या नजरेतून ती सुटते. शिवाय ‘ही ओळ कोणी, का लिहिली’ हे बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटला विचारलं की मांडणी करणाऱ्याचं नाव येतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या गिट २.२३ पासून अशा कमिटांची यादी देऊन ती वगळता येतात. ती यादी पहिल्या दिवसापासून ठेवावी.

नीओव्हिमला या सुधारणेची किंमत मोजावी लागली आणि ती सांगायलाच हवी. व्हिममधल्या दुरुस्त्या नीओव्हिममध्ये आणण्यासाठी वेगळी स्क्रिप्ट आहे, पण दोन्हींची मांडणी आणि प्रकार वेगळे झाल्याने बरेचसे पॅच हाताने बसवावे लागतात. मूळ कोडचा इतिहासही त्या पहिल्या कमिटपाशी थांबतो. तरी माझा कौल नीओव्हिमच्या बाजूने आहे. एका माणसाच्या डोक्यात राहणारा कोड अनेकांना उघडा झाला, हे मोल त्या किमतीहून मोठं आहे.

आता पुन्हा ‘क्षि’कडे. २०२५ मधल्या ०.११ आवृत्तीपासून नीओव्हिम अक्षरगट ओळखण्यासाठी ‘यूटीएफ८प्रोक’ या लायब्ररीचा आधार घेतो. म्हणजे युनिकोडचा नियम आता एडिटरच्या कोडमध्ये विखुरलेला नाही, तो लायब्ररीत आहे आणि तिची आवृत्ती बिल्डच्या यादीत एका ओळीत लिहिलेली आहे. युनिकोड पुढे गेलं की ती ओळ बदलायची, बांधायचं आणि चाचण्या चालवायच्या.

त्या चाचण्यांत आपल्याला हातभार लावता येतो. नीओव्हिमच्या नव्या चाचण्या लुआत लिहिलेल्या असतात. मजकूर द्यायचा, कळा द्यायच्या आणि शेवटी काय उरायला हवं ते लिहायचं. त्यासाठी सी भाषेवर हुकमत लागत नाही, आपली अक्षरं कशी वागायला हवीत हे माहीत असावं लागतं. खारदांड्यात असा किंवा आणखी कुठे, एडिटर आपल्या मशीनवर बांधा आणि ‘क्षि’, ‘र्‍या’, ‘ज्ञा’, ‘स्त्री’ यांची एकेक चाचणी लिहून पाठवा.