रब्बी म्हणजे वसंत

‘रब्बी’ हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी इतका मुरलेला आहे, की तो बाहेरून आला असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. पण तो अरबी आहे. अरबीत ‘रबी’ म्हणजे वसंत ऋतू आणि ‘खरीफ’ म्हणजे शरद. आता गंमत पाहा. रब्बीची ज्वारी आपण पेरतो हस्ताच्या आगेमागे, म्हणजे शरदात. आणि खरीप पेरतो मृगात. मग ही नावं अशी उलटी का? तर ती पेरणीवरून पडलेली नाहीत. पीक हाती केव्हा येतं, त्यावरून पडली आहेत. ज्या सरकारदरबारी ही नावं रूढ झाली, तिथल्या लोकांना सारा वसूल करायचा होता. पेरलं कधी, याच्याशी त्यांना काय कर्तव्य? खळ्यावर रास कधी पडते, तेवढं कळलं की झालं!

पण नकळत त्यांनी एक खरी गोष्ट नोंदवून ठेवली. आपल्याकडचा वसंत हा काढणीचा ऋतू आहे. थंड मुलखात बर्फ वितळलं की लोक पेरायला निघतात, आणि त्यांच्याकडची वसंताची वर्णनं वाचून आपल्यालाही वाटतं, की वसंत म्हणजे नव्याची सुरुवात. आम्हा कवींनी त्यात पळस, पांगारा आणि कोकिळा घालून ते चित्र पक्कं करून टाकलं. आमच्या सोलापूरकडच्या गावात या दिवसांना ‘सुगी’ म्हणतात. सुगीत मान वर करून पळस बघायला सवड कुणाला असते?

पंचांगात वसंत चैत्र-वैशाखात येतो, आणि वसंतपंचमी मात्र माघात. शेतकऱ्याचा वसंत या दोहोंच्या मधे, माघाच्या उतरणीपासून वैशाखापर्यंत पसरलेला असतो. हिजरी कालगणना तर चांद्र आहे. तिच्यात अधिक महिना नाही, त्यामुळे दर वर्षी ती अकराएक दिवस मागे सरकते. ‘रबीउल अव्वल’ या महिन्याच्या नावाचा अर्थ पहिला वसंत. पण तो भर पावसाळ्यातही येतो. अशा कॅलेंडरावर शेती कशी चालणार? म्हणूनच दख्खनमध्ये १३४४ साली, महंमद तुघलकाच्या काळात, सुहूर सन सुरू झाला. आकडा हिजरीवरून घेतलेला, वर्ष मात्र सौर, आणि नववर्ष कधी? तर सूर्य मृग नक्षत्रात जाईल त्या दिवशी. त्याला ‘मृगसाल’ही म्हणत. शिवकालीन आणि पेशवेकालीन कागदांवर हाच सन सापडतो. नमाज-रोजा चंद्रावर आणि नांगर नक्षत्रावर, ही वाटणी आमच्याकडे अशी फार जुनी आहे.

आता शेतात जाऊ. माझ्या डोळ्यांसमोर मंगळवेढ्याची काळी जमीन आहे. खोल, चिकट, भीमेच्या खोऱ्यातली. इथली मालदांडी ज्वारी नावाजलेली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिला पावसाळ्यानंतर सहसा पाणी मिळत नाही. हस्ताच्या पावसानं जमिनीत जी ओल साठली, तिच्यावरच ती चार महिने काढते. थंडी असेपर्यंत ही ओल जपून खर्च होते, पहाटेचं दवही थोडा हातभार लावतं. माघ सरता सरता ऊन तापू लागलं, की हिशेब बदलतो. जमीन उलते, भेगा पडतात, त्या भेगांतून उरलीसुरली ओल उडून जाते आणि मुळंही तुटतात. तोवर दाणा भरलेला असला तर ठीक. नसला तर तो पोचट राहतो.

दाणा भरला की नाही, हे ओळखण्याची खूण साधी आहे. कणसाच्या खालच्या भागातला दाणा काढून त्याचं बूड बघायचं. तिथं काळा ठिपका दिसला की समजावं, ताटानं दाण्याला जेवू घालणं थांबवलं. आमचे चाचा ठिपकाही बघत नसत. दाणा दाढेखाली धरायचे आणि ‘कट्’ असा आवाज आला की म्हणायचे, “लावा माणसं.” या दोन खुणांत फरक आहे बरं का. ठिपका सांगतो की दाणा पोसला. दाढ सांगते की दाणा वाळला. मधले आठ-पंधरा दिवस पीक नुसतं उभं राहून वाळत असतं. त्या दिवसांत आभाळाकडून काहीही मिळण्यासारखं नसतं, गमावण्यासारखं मात्र सगळंच असतं.

गव्हाची गोष्ट थोडी निराळी. त्याला दाणा भरेपर्यंत थंडी हवी. ती लवकर गेली, तर गहू घाई करतो. दिवस भरण्याआधी पिकतो आणि दाणा बारीक, सुरकुतलेला राहतो. मार्च २०२२ मध्ये देशात दिवसाच्या तापमानाची सरासरी १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत वर गेली. उत्तरेत तेव्हा गहू दाणा भरत होता. त्याचा फटका एवढा बसला, की मे महिन्यात सरकारनं गव्हाची निर्यातच बंद केली. आपल्याकडचा गहू महिनाभर आधी निघतो, म्हणून आपल्याला मार्चपेक्षा फेब्रुवारीची धास्ती जास्त. आणि पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, फेब्रुवारीनंही दिवसाच्या उष्णतेचा तसाच उच्चांक केला. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ असं आपण म्हणत आलो. आता थंडी होळीची वाट पाहत नाही.

काढणीचीही वेळ असते, आणि ती हवा ठरवते. हरभरा काढायचा तो भल्या पहाटे. दवानं घाटे थोडे सादळलेले असतात, हात लावला तरी फुटत नाहीत. ऊन चढल्यावर उपटायला गेलात, तर घाटे तडकून दाणे जमिनीवर, आणि मग ते वेचत बसा. हरभऱ्याच्या पानावर जी आंबट आंब असते, ती हाताला चिरा पाडते. हे काम बहुतेक बायांचं. त्या हाताला चिंध्या गुंडाळून पहाटे चारला शेतात असतात. ज्वारी आमच्याकडे कापत नाहीत, मुळासकट उपटतात. उलून घट्ट झालेल्या जमिनीतून ताट ओढणं म्हणजे काय, ते ज्यानं ओढलं त्यालाच ठाऊक. मग कणसं मोडायची, ताटांच्या पेंढ्या बांधायच्या, पाच पेंढ्यांचा पाचुंदा मोजायचा. पुरुषभर उंचीची मालदांडी आणि वर कडबाही सबंध हवा, त्यामुळे कापणीचं मोठं यंत्र इथं फारसं चालत नाही. मजूर मिळेनासे झाले. ज्वारीचं क्षेत्र आटत चाललंय, त्याची कारणं भावाइतकीच या उपटणीतही आहेत, असं माझं मत आहे.

पूर्वी मळणीनंतर वाऱ्याचं काम असे. तिव्यावर उभं राहून सुपातलं धान्य सोडायचं; दाणा खाली, भूस बाजूला. त्यासाठी वारा एका दिशेनं आणि बेताचा हवा. तो नसला तर चैत्रातल्या दुपारी माणसं खळ्यावर ताटकळत बसत. आता मळणी यंत्र आलं आणि वाऱ्याची मिनतवारी संपली. उन्हाची मात्र संपलेली नाही. धान्य कणगीत घालायचं तर ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा, नाहीतर कीड आणि बुरशी पाठ सोडत नाहीत.

आणि नेमक्या याच दिवसांत आभाळ भरून येतं.

हे का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. माघ-फाल्गुनात उत्तरेकडून पश्चिमी झंझावात जात असतात. त्यांच्यामुळे वरच्या थरांत थंड हवा दक्षिणेपर्यंत उतरते. खाली जमीन तापू लागलेली असते. अशात बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून बाष्प आलं, की खालची गरम, ओली हवा झपाट्यानं वर चढते आणि दुपारनंतर ढगांचे मनोरे उभे राहतात. या दिवसांत गोठणबिंदूची पातळी वैशाखापेक्षा खाली असते. म्हणून ढगात तयार झालेली गार वाटेत वितळून जाण्याआधीच जमिनीवर पोचते. वैशाखातही गारा पडतात, पण तेव्हा बऱ्याच वाटेतच पाणी होतात.

२०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात जी गारपीट झाली, ती पाहिलेली माणसं अजून तिच्यावरून वर्षं मोजतात. एखाद्या शिवारात पंधरा मिनिटं गारा, हे नवं नाही. पण तेव्हा ती पंधरवडाभर, आज या जिल्ह्यात तर उद्या त्या, अशी फिरत राहिली. उभी ज्वारी झोपली, गव्हाच्या ओंब्या झडल्या, डाळिंबांना भोकं पडली, झाडावरचे पक्षी मरून पडले. २०२३ च्या मार्च-एप्रिलमध्येही अवकाळीनं राज्यभर ठाण मांडलं होतं.

गार दिसते, म्हणून तिचं नाव होतं. नुसता पाऊस कमी त्रास देत नाही. भिजलेल्या कणसातला दाणा काळवंडतो आणि बाजारात त्याचा भाव पडतो. कडबा भिजला की काळा पडतो, त्याला बुरशी येते आणि जनावर तोंड लावत नाही. शहरातल्या वाचकाला हे नुकसान वाटणार नाही; पण दुष्काळी तालुक्यात कडब्याचा भाव धान्याच्या पंक्तीला बसतो. याच दिवसांत सांगली-हिंगोलीकडे हळद शिजवून अंगणात वाळत घातलेली असते, तासगावला शेडमध्ये बेदाणा असतो, नाशिककडे उन्हाळी कांदा काढून रानात सुकत असतो. या सगळ्या मालाला शेवटचे दहा-पंधरा दिवस कोरडी हवा हवी असते. एका सरीनं रंग जातो, आणि रंग गेला की किंमत जाते.

मग करायचं काय? हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. तो ऐकून दोन दिवसांची सूचना मिळाली, तर एकच प्रश्न सोडवायचा असतो: उपटायचं की उभं ठेवायचं? माझं ऐकाल तर पूर्ण वाळलेलं पीक, मजूर आणि मळणी यंत्र हाताशी असेल तर, तातडीनं काढून झाकावं. पण मळणीची सोय नसताना उपटून पसरून ठेवू नये. उभ्या ताटावरचं पाणी वाऱ्यानं निथळतं. जमिनीवर पडलेली पेंढी खालून ओल ओढत राहते. एवढं साधं गणित मजुरांच्या तारखेपुढे चुकतं. टोळी आज आली नाही तर पुन्हा आठवड्यानं, म्हणून आभाळ दिसत असूनही माणूस पीक आडवं करतो.

नुकसान झाल्यावरचा भागही याच ऋतूत येतो. २०१६ च्या पीक विमा योजनेत काढून शेतात वाळत घातलेल्या पिकाला चौदा दिवसांपर्यंत संरक्षण होतं, बहात्तर तासांत कळवण्याची अट होती. २०२५ मध्ये राज्यानं योजना बदलली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांवर आणली. या प्रयोगात एका मंडळाचं सरासरी उत्पन्न काढतात. गार मात्र मंडळ बघून पडत नाही. ओढ्याच्या अलीकडे झोडपते, पलीकडे थेंब नसतो. आणि जो दुसऱ्याचं रान निम्म्या वाट्यानं करतो, त्याचं काय? बियाणं त्याचं, घाम त्याचा, सातबाऱ्यावर नाव मालकाचं. पंचनामा मालकाच्या नावे होतो, पैसे मालकाच्या खात्यात जातात. मालक भला असेल तर वाटा देतो. आमच्या भागात अशा वाटेकऱ्यांत सगळ्या जातीधर्मांची गरीब माणसं आहेत, आणि त्यांची नोंद कुठल्याच कागदावर नाही.

वसंतात काहीच पेरत नाहीत असं नाही. ज्याच्याकडे पाणी आहे तो उन्हाळी भुईमूग पेरतो. त्याला दोन्हीकडून कात्री असते. संक्रांतीनंतर रात्रीची थंडी ओसरायच्या आत पेरला, तर उगवण रेंगाळते. फेब्रुवारी उलटून गेल्यावर पेरला, तर फुलं आणि आऱ्या नेमक्या कडक उन्हात सापडतात. वर मेच्या अखेरीस पाऊस आला, तर शेंगा जमिनीतच मोडावतात. हळद आणि आलं लावायचं ते अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, मृगाआधी कोंब वर यावा म्हणून.

आणि मग येतो वळीव. फाल्गुनात ज्या पावसाला आपण शिव्या घातल्या, त्याचाच हा भाऊ. वैशाखात मात्र त्याची वाट पाहिली जाते. पीक निघाल्याबरोबर, ओल आहे तोवर नांगरट झाली तर उत्तमच. उताराला आडवी नांगरट केली की ढेकळं वर येतात, दोन महिने तापतात, आतल्या अळ्या-कोष उघडे पडून मरतात, हराळी आणि लव्हाळ्याच्या गाठी वाळतात. पण राहून गेलं, तर काळी जमीन अशी दगड होते, की ट्रॅक्टरचा फाळही वर उचलला जातो. अशा रानाला वळवाची एक सर पुरते. ढेकूळ विरघळतं, दोन-तीन दिवसांनी वापसा येतो आणि कुळवाची पाळी घालता येते. डिझेलचा खर्च तेवढाच कमी.

वळवाआधी एक काम मात्र उरकलेलं हवं. कडब्याची गंज नीट रचून, माथा उतरता करून शाकारायची. वळीव रानाला हवा असला तरी कडब्याला तो फाल्गुनातल्या पावसाइतकाच वाईट.